दुर्लक्षित भयपट आणि हसवणारा भयपट: फरक नेमका कुठे पडतो

एखादा भयपट चालला नाही म्हणजे तो दुर्लक्षित, आणि दुर्लक्षित म्हणजे नक्कीच चांगला असणार, असा हिशोब सर्रास मांडला जातो. उलट, भुताला पाहून हसू आले की तो चित्रपट टाकाऊ ठरवून लोक मोकळे होतात. या दोन समजुतींमुळे अगदी वेगळ्या जातींचे चित्रपट एकाच माळेत ओवले जातात. पहिल्या जातीचा चित्रपट घाबरवण्याचे काम चोख करतो, पण त्याच्या वेळी प्रेक्षक तिकडे फिरकत नाही. दुसऱ्या जातीचा चित्रपट घाबरवायलाच मनापासून निघालेला असतो, ते त्याला जमत नाही, आणि त्या न जमण्यातच प्रेक्षकाची करमणूक होते.

तिकीटबारीवरून हा फरक ओळखता येत नाही. रामगोपाल वर्मा यांचा ‘रात’ १९९२ मध्ये आला आणि पडला. राजकुमार कोहली यांचा ‘जानी दुश्मन: एक अनोखी कहानी’ २००२ मध्ये आला, तोही पडला. आज दोघांचेही चाहते आहेत, पण ‘रात’चा चाहता तो पुन्हा लावताना दाराची कडी तपासतो आणि ‘जानी दुश्मन’चा चाहता चार मित्रांना हाक मारतो. याउलट स्वस्तातले भुताखेतांचे हिंदी चित्रपट काढणाऱ्या रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ १९८४ साली धो धो चालला, आणि तरीही आज त्याची आठवण निघाली की आधी हसू येते. म्हणजे यश-अपयशाचा या वर्गवारीशी फारसा संबंध नाही. पाहायचे ते एवढेच, की दिग्दर्शकाला जे पोचवायचे होते आणि समोरच्या माणसापर्यंत जे पोचले, त्यांत अंतर किती पडले.

‘रात’मध्ये हे अंतर जवळजवळ नाही. भूत दाखवण्यापेक्षा कॅमेरा जमिनीलगत, कोणाच्या तरी नजरेने, खोल्यांतून सरकत राहतो, आणि ती नजर कोणाची हे आपल्याला कळत नाही. रेवती हिने साकारलेली मिनी साध्या मध्यमवर्गीय घरातली मुलगी आहे. तिच्या घरात वाडा, तळघरातली शवपेटी, काळा झगा असे काही नाही. भीती उभी राहते ती ओळखीच्या जागेवर. हाच गुण विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ या २०१७ च्या मराठी चित्रपटात आहे. कर्जापायी पळालेले जोडपे, त्यातली गरोदर बायको आणि चहूबाजूंनी उसाने वेढलेले घर एवढ्यावर तो उभा आहे, आणि त्यातले बरेचसे भय भर उन्हात घडते. पुढे याच दिग्दर्शकाने त्याची हिंदी आवृत्ती ‘छोरी’ या नावाने २०२१ मध्ये केली तेव्हा मूळ चित्रपटाकडे अनेकांचे लक्ष गेले. मराठी प्रेक्षकानेच तो आधी का उचलून धरला नाही, हे मला कोडे वाटते.

विदर्भातल्या शेतकऱ्याला उसापेक्षा तुरीची ओळख जास्त. पौष महिन्यात तूर डोक्याच्या वर गेलेली असते, शेंगा वाळलेल्या असतात, आणि वारा सुटला की सगळे वावर खुळखुळ वाजू लागते. शेतीच्या पंपाला वीज पुष्कळदा रात्रीची येते, म्हणून ओलित करायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, माणूस एकटाच बॅटरी घेऊन त्या तुरीतून जातो. खुळखुळ वाऱ्याची, रानडुकराची की आणखी कशाची, हे ठरवायला त्याच्याजवळ फक्त कान असतात. वाघांच्या ताडोबा जंगलाच्या आसपासच्या गावांत तर तो प्रश्न जिवाशी येतो. अशा माणसाला रबरी पंजा दाखवून घाबरवता येत नाही, मात्र पिकाच्या ओळींत काहीतरी हलले आणि पुन्हा स्तब्ध झाले, एवढे दाखवले तर त्याचे अंग शहारते. ‘लपाछपी’ ज्याने जागलीला, म्हणजे पीक राखायला शेतात, काही रात्री काढल्या आहेत त्याच्यासोबत बसून पाहावा. शहरी समीक्षकाने ज्या दृश्यांना संथ म्हटले असते, तिथेच हा माणूस बोलायचा थांबतो.

‘तुंबाड’चा उल्लेख या संदर्भात टाळता येत नाही, जरी तो आता दुर्लक्षित राहिलेला नाही. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना मराठी भयकथाकार नारायण धारप यांची एक कथा १९९३ मध्ये एका मित्राने नागझिऱ्याच्या जंगलात ऐकवली आणि त्या बीजातून हा चित्रपट वाढला. म्हणजे कोकणातल्या पावसात भिजलेल्या या भयपटाचा उगम गोंदिया-भंडाऱ्याच्या रानात आहे, ही आपल्या विदर्भातल्या लोकांनी थोडी मिरवावी अशी गोष्ट. २०१८ मध्ये त्याची कमाई बेताची झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. चित्रपट तोच होता, त्यातला एकही प्रसंग बदललेला नव्हता.

आता दुसऱ्या जातीकडे. ‘जानी दुश्मन’मध्ये सनी देओल, अक्षय कुमार, सुनील शेट्टी, मनीषा कोईराला अशी फौज आहे, आणि त्यांच्यासमोर कोणतेही रूप घेणारा सूडाने पेटलेला इच्छाधारी नाग आहे. ज्या कोहलींनी १९७६ मध्ये ‘नागिन’ आणि १९७९ मध्ये पहिला ‘जानी दुश्मन’ यशस्वी करून दाखवला, त्यांनीच हा केला. जुना मसाला त्यांच्या हातात होता; संगणकाची करामत मात्र हाताबाहेर गेली, आणि नाग जितका गंभीर होतो तितके हसू वाढते. गंमत या गांभीर्यामुळेच येते. अलीकडे काही जण मुद्दाम वाईट भयपट काढतात, त्यांत ही गंमत सापडत नाही, कारण तिथे फसायला कोणी खरोखर निघालेलेच नसते. त्यांना मी या दोन्ही जातींत धरत नाही.

हसवणाऱ्या भयपटाला माणसे लागतात. नव्वदच्या दशकात देवी बसली की वर्गणी काढून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा आणि रात्रभरात तीन चित्रपट उरकायचे, ही विदर्भातल्या खेड्यांची सर्वपरिचित रीत होती. शेवटचा चित्रपट पुष्कळदा रामसेंचा असे. नायिका अंधाऱ्या हवेलीत शिरली की पोरांच्या घोळक्यातून आवाज उठायचा, “अबे, मांगं पाह्य ना, मांगं!”, आणि तिने नेमके समोर पाहिले की सगळे पटांगण हसायचे. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांच्या, दिवसांत पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची नाटके पहाटेपर्यंत पाहणाऱ्या प्रेक्षकाला हे नवे नव्हते. रडू, गाणी, मारामारी आणि विनोदी पात्र एकाच बैठकीत घ्यायची त्याला सवय होतीच. तोच चित्रपट आज मोबाइलवर एकट्याने कानात तार घालून पाहिला तर अर्ध्यावर कंटाळा येतो. ‘रात’ मात्र असाच पाहावा, आणि गर्दीत पाहिला तर तो वाया जातो.

रामसेंना सरसकट दुसऱ्या जातीत टाकणे मला अन्यायाचे वाटते. ‘पुराना मंदिर’मध्ये विनोदी नट जगदीप यांचे ‘शोले’ची नक्कल करणारे उपकथानक आहे, ते आज कोणीही ढकलत पुढे न्यावे. पण त्यातल्या सामरी या सैतानाचे शिर धडावेगळे पुरलेले असणे, राजघराण्यातल्या बायकांवर बाळंतपणातल्या मृत्यूचा शाप असणे, ही कल्पना आपल्या खेड्यांत ऐकलेल्या गोष्टींच्या फार जवळची आहे. छायालेखक गंगू रामसे यांनी निळ्या-तांबड्या प्रकाशात आणि धुक्यात सामरी झालेल्या अनिरुद्ध अग्रवाल यांचा तो उंच, खोल डोळ्यांचा चेहरा ज्या रीतीने टिपला आहे, त्याला हसणारा मी अजून पाहिलेला नाही. चेहरा दिसेपर्यंत पोरे ओरडत असतात, दिसल्यावर क्षणभर गप्प होतात, आणि लगेच जगदीप येतात. एकाच चित्रपटात दोन्ही जाती अशा आळीपाळीने नांदतात. तेव्हा रामसेंचा चित्रपट लावायचा तर प्रसंगागणिक निकाल द्यावा लागतो, अख्ख्या चित्रपटावर एकच शिक्का मारून चालत नाही.