डायपर रॅश

डायपर रॅश : लंगोट किंवा डायपरखाली झाकल्या जाणाऱ्या भागावर तान्ह्या बाळाच्या त्वचेचा होणारा दाह. ढुंगण, मांड्यांचा वरचा भाग आणि ओटीपोट लाल होते, बाळ शू करताना कळवळून रडते. 9 ते 12 महिन्यांच्या सुमारास हा त्रास सर्वांत जास्त दिसतो. बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या मराठी घरांत ‘बाळाचं ढुंगण लाल झालं’ एवढेच म्हणतात. लंगोटाला जुन्या बायका बाळोतं म्हणत. शेजारच्या गुजराती घरात तेच बाळोतियुं.

मूळ कारण ओल. सतत भिजलेली त्वचा फुगून मऊ पडते आणि साध्या कापडाच्या घासण्यानेही सोलवटते. शीमधले जिवाणू लघवीतल्या युरियापासून अमोनिया तयार करतात, त्यामुळे त्वचेवरची आम्लता घटते. मग शीमधली प्रथिने आणि चरबी पचवणारी विकरे (एन्झाइम) जोर धरतात व बाळाच्या कातडीलाच खाऊ लागतात. जुलाब लागले की रॅश एका रात्रीत भडकतो तो यामुळेच. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी अधिक आम्लधर्मी असते, म्हणून त्याला त्रास कमी होतो.

बडोद्याच्या पावसाळ्यात ही ओल घरातच मुक्काम करते. जुन्या धोतराचे किंवा सुती साडीचे लंगोट खोलीतल्या दोरीवर, पंख्याखाली वाळत पडतात. मधले कापड हाताला कोरडे लागते, पण दुमडलेल्या शिवणीत गारवा राहतो. ती शिवण स्वतःच्या गालाला लावून पाहावी. गार लागली तर इस्त्री फिरवूनच लंगोट बाळाला बांधावा. साबणही नीट खळबळून काढायला हवा. ओल शोषून घेणारे तयार डायपर चांगलेच, मात्र ‘अजून भरला नाही’ म्हणून रात्रभर ठेवलेला डायपर लंगोटाहून वाईट.

उपचार साधे आहेत. दर 2–3 तासांनी आणि शी झाल्यावर लगेच बदलणे, कोमट पाण्याने धुणे, मऊ कापडाने टिपून घेणे. पुसायचे नाही, टिपायचे. दिवसातून काही वेळा मेणकापडावर दुपटे घालून बाळाला 10–15 मिनिटे उघडे ठेवावे. त्यानंतर झिंक ऑक्साइडचे मलम गिलावा करावा तसे जाड लावावे. पुढच्या वेळी वरची घाण तेवढी काढावी. खालचा थर खरवडून काढला तर त्याबरोबर कोवळी कातडीही जाते. लाल जागेवर डाळीच्या पिठाचे उटणे अजिबात चोळू नये. बारशाला हमखास मिळणारा पावडरचा डबाही दूर ठेवावा : पावडर श्वासातून बाळाच्या फुफ्फुसात जाते आणि ओल्या जांघांत तिचे गोळे होतात.

साध्या रॅशमध्ये जांघांच्या घड्या बहुधा कोऱ्या राहतात, कारण लंगोट तिथे टेकत नाही. घड्याही गडद लाल, चकचकीत झाल्या आणि कडेबाहेर मोहरीएवढे सुटे ठिपके उठले, तर कँडिडा बुरशी समजावी. बाळाला अँटिबायोटिक दिल्यानंतर ती अनेकदा गाठते. अशा वेळी डॉक्टर क्लोट्रिमॅझोलसारखे मलम देतात.

औषधाच्या दुकानात सहज मिळणारे, तीव्र स्टेरॉइड मिसळलेले ‘सगळ्यावर चालणारे’ मलम मात्र आणू नये. लाली दोन दिवसांत जाते, म्हणून आया त्यावर विश्वास ठेवतात. पण डायपरखाली ते जास्त शोषले जाते, कातडी पातळ होते आणि बुरशी आतल्या आत फोफावते.

तीन दिवसांत उतार पडला नाही, फोड, पू वा रक्त दिसले किंवा ताप आला, तर बालरोगतज्ज्ञांकडे जावे. तसेच पुरळ तोंडाभोवती आणि हातापायांवरही असेल, जुलाब थांबत नसतील व केस गळत असतील, तर शरीरात जस्त (झिंक) कमी पडल्याची शंका घेतात. तिथे मलम पुरत नाही, जस्त पोटातूनच द्यावे लागते.