पार्श्वभूमी : मोठ्यांना इंग्रजी शिकवणारे स्वतः कुठे शिकतात?

दादरला पश्चिमेकडे बाहेर पडले की इंग्रजी संभाषणाच्या क्लासांच्या पाट्या एकीवर एक चढलेल्या दिसतात. त्या पाटीमागच्या खोलीत तिशीतल्या माणसाला 'हॅव बीन' समजावणारा शिक्षक हे काम कुठे शिकला, असे विचारले तर मुंबईत साधारण तीन उत्तरे मिळतात. बी.एड. केले आहे. कॉल सेंटरला ट्रेनर होतो. 'सेल्टा' (मोठ्यांना इंग्रजी शिकवण्याचे केंब्रिजचे प्रमाणपत्र) केला आहे. चौथे उत्तर सगळ्यांत जास्त वेळा मिळते : 'त्यात शिकायचं काय? इंग्लिश येतं मला.' पहिल्या तीन वाटा वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजांतून निघाल्या आणि अजून एकमेकींना नीट ओळखत नाहीत.

बी.एड.बद्दल फार लिहायला नको, बहुतेक मराठी घरांत एक तरी बी.एड. असतेच. मुंबईतले माध्यमिक शिक्षकांचे सरकारी प्रशिक्षण महाविद्यालय १९०६ सालचे. पाठाचे टाचण, सूक्ष्म अध्यापन, मागच्या बाकावर वही उघडून बसलेले निरीक्षक हे सगळे वाचकांना ऐकून तरी माहीत असते. हा सगळा सरंजाम शाळेतल्या मुलासाठी रचलेला आहे, एवढेच इथे महत्त्वाचे. १९९३च्या केंद्रीय कायद्याने शिक्षक-प्रशिक्षणावर नियामक परिषद आली, पुढे पहिली ते आठवीसाठी टीईटी आली, २०१५पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले. या सगळ्या नियमांची मांडणी इयत्तांवर आहे. वय चाळीस, नोकरी बेस्टमध्ये, वरच्या जागेच्या मुलाखतीपुरते इंग्रजी हवे, असा विद्यार्थी त्यातल्या कुठल्याच इयत्तेत बसत नाही.

रात्रशाळा अपवाद वाटतील. गिरणगावात दिवसभर काम करून मोठी माणसे रात्री दहावीचा अभ्यास करत आली. पण पुस्तक तेच, परीक्षा तीच, आणि बरेचदा शिक्षकही दिवसाच्या शाळेतलाच. २०१७ साली सरकारने या 'दुबार' शिक्षकांना रात्रीच्या कामातून काढले. तेव्हा वाद झाला तो नोकऱ्यांचा. मोठ्या माणसाला शिकवण्याची रीत वेगळी असावी का, हा प्रश्न त्या वादात आला नाही.

खरा गुंता 'प्रौढ' या शब्दात आहे आणि त्यावर थोडे रेंगाळणे भाग आहे.

इंग्रजीतला 'अ‍ॅडल्ट' हा साधा शब्द आहे, वयात आलेला माणूस. मराठीतल्या 'प्रौढ'वर थर चढलेले आहेत. प्रौढ भाषा म्हणजे भारदस्त भाषा. प्रौढी मिरवणे म्हणजे बढाई मारणे. आणि 'प्रौढ शिक्षण' म्हटले की डोळ्यांसमोर येतो कंदील, पाटी आणि अंगठ्याऐवजी सही करायला शिकणारा हात. हा तिसरा अर्थ आपोआप चिकटलेला नाही. तो सरकारी कामातून आला. १९३९ साली मुंबई शहरात साक्षरतेची मोहीम निघाली, वर्ग भरले, आणि ते शिकणाऱ्याच्या भाषेत भरले, हे योग्यच होते. २ ऑक्टोबर १९७८ला देशपातळीवर प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्याचा वयोगट १५ ते ३५ आणि उद्दिष्ट पाच वर्षांत १० कोटी माणसांचे. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता अभियान आले आणि वयोगट तोच राहिला. म्हणजे मिसरूड न फुटलेला पंधरा वर्षांचा पोरगा कागदोपत्री प्रौढ, आणि छत्तिसाव्या वर्षी माणूस प्रौढ शिक्षणाच्या बाहेर!

या कार्यक्रमांत शिकवणारे बहुतेक स्वयंसेवक किंवा नाममात्र मानधनावरचे कार्यकर्ते. प्रशिक्षण काही दिवसांचे, विषय अक्षरओळख आणि हिशेब. इंग्रजीचा तिथे प्रश्नच नव्हता. त्यामुळे सरकारी भाषेत 'प्रौढ' आणि 'इंग्रजी' हे दोन शब्द एका ओळीत कधी आलेच नाहीत. प्रौढांना शिकवणे हे समाजकार्य, इंग्रजी शिकवणे हे शाळेचे काम, अशी विभागणी मनात पक्की बसली. मी सेल्टा करत असताना घरी सांगितले की प्रौढांना इंग्रजी शिकवायला शिकते आहे. आत्याने विचारले, 'अगं, त्यांना आधी मराठी वाचता येऊ दे की.' तिचे चुकले नव्हते. शब्दाने तिला तेच सांगितले होते.

पुढची गंमत अशी, की हा शब्द तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून, तीन वेगवेगळ्या कारणांनी गळला. विद्यापीठांतले 'प्रौढ व निरंतर शिक्षण' विभाग 'आजीवन अध्ययन व विस्तार' विभाग झाले. मुंबईतल्या कॉलेजच्या मुलांना ते आज 'डीएलएलई'चे दहा मार्क म्हणून माहीत असतात. २०२२ साली केंद्राने नवा साक्षरता कार्यक्रम आणला तेव्हा 'प्रौढ शिक्षण' हे नावच बाजूला ठेवले आणि 'सर्वांसाठी शिक्षण' म्हणायचे ठरवले. पंधरा वर्षे व त्यापुढच्या सगळ्यांना तो शब्द नीट लागू पडत नाही, असे कारण दिले. कारण खरे आहे. साक्षरतेच्या कामातले लोक असेही सांगतात की 'प्रौढ वर्ग' ही पाटी पाहून बायका दारातून परत जायच्या. तरीही मला हा निर्णय पटलेला नाही. 'सर्वांसाठी' म्हटल्यावर मोठ्या माणसाच्या शिकण्यात वेगळे काय असते, हे विचारायची जागाच उरत नाही. आणि वेगळे पुष्कळ असते. तो दमून आलेला असतो, हसे होण्याला घाबरतो, त्याला नेमके काय हवे ते त्याला ठाऊक असते आणि ते मिळाले नाही तर तो तिसऱ्या दिवसापासून येत नाही. शाळेतल्या मुलाला ही सोय नाही.

तिसरे ठिकाण परदेशातले. 'सेल्टा' या लघुनामातला शेवटचा 'ए' म्हणजे 'अ‍ॅडल्ट्स'. १९९६ साली हे नाव पडले. २०११ साली प्रमाणपत्राचे पूर्ण नाव बदलून 'इतर भाषिकांना इंग्रजी शिकवण्याचे प्रमाणपत्र' अशा अर्थाचे केले गेले, पण लघुनाम बाजारात रुळले होते म्हणून तसेच ठेवले. त्यामुळे आज तो 'ए' पूर्ण नावातल्या कुठल्याच शब्दाचा नाही. सरावाच्या वर्गात मात्र अजूनही सोळा वर्षांच्या पुढचेच विद्यार्थी लागतात. आपल्याकडे शब्द गेला आणि त्याच्याबरोबर विषयही गेला. त्यांच्याकडे शब्द गेला, वर्ग राहिला.

या अभ्यासक्रमाचे मूळ १९६२ सालचे. लंडनमधल्या एका खासगी भाषाशाळेला शिक्षक हवे होते आणि वर्षभर थांबायला वेळ नव्हता, म्हणून तिने काही आठवड्यांचे, थेट वर्गात उभे करणारे प्रशिक्षण सुरू केले. पुढे एका जुन्या परीक्षा मंडळाने ते आपल्याकडे घेतले आणि १९८८ साली ते केंब्रिजकडे गेले. आजचा साचा असा : किमान १२० तास, त्यात सहा तास प्रत्यक्ष शिकवणे, तेही दोन वेगळ्या पातळ्यांच्या वर्गांना, सहा तास अनुभवी शिक्षकांचे पाठ बघणे आणि चार लेखी असाइनमेंट. पूर्णवेळ केले तर चार-पाच आठवडे. सहा तास ऐकून बी.एड.वाल्यांना हसू येते. मलाही आले होते. पण ते सहाही तास खऱ्या, मोठ्या, पैसे मोजून लोकलने आलेल्या माणसांसमोर असतात आणि प्रत्येक पाठानंतर सहकारी आणि ट्रेनर मिळून तो उसवतात. 'टीपी' (टीचिंग प्रॅक्टिस, म्हणजे हे सरावाचे पाठ) हा शब्द उच्चारला तरी अजून पोटात गोळा येतो.

लंडनच्या जन्माची एक खूण या प्रशिक्षणावर कायमची राहिली. तिथल्या वर्गात इटालियन, स्पॅनिश, अरब एकत्र बसलेले असत. सगळ्यांची मिळून एक भाषा नव्हती, म्हणून इंग्रजीतूनच इंग्रजी शिकवावे लागे. ती गरज होती. त्याआधी एकच वर्ष, १९६१ साली, युगांडात मकेरेरे इथे राष्ट्रकुलाची इंग्रजी अध्यापन परिषद भरली होती. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावे या आग्रहाचे श्रेय (किंवा खापर) पुढे टीकाकारांनी त्या परिषदेला दिले. दोन्ही मिळून गरजेचे तत्त्व झाले आणि ते विमानाने मुंबईत उतरले. मुंबईच्या वर्गात तर सगळ्यांना हिंदी येते आणि निम्म्यांना मराठी.

उदाहरण द्यायचे तर 'आय यूज्ड टु लिव्ह इन गिरगाव' हे वाक्य. प्रशिक्षणात शिकवतात की अर्थ सांगायचा नाही, समजला की नाही ते प्रश्नांनी तपासायचे. आता राहतो का? नाही. पूर्वी राहत होता का? हो. एकदाच की बराच काळ? माझ्या सरावाच्या पाठात पहिल्याच प्रश्नाला मागून एक काका म्हणाले, 'नो मॅडम, नाऊ विरार,' आणि वर्ग हसला. पण तोवर दोन मिनिटे गेली होती. 'राहायचो' या एका मराठी शब्दात ते सगळे आले असते. मी तो शब्द फळ्यावर लिहिला आणि फीडबॅकमध्ये त्यावर बोलणी खाल्ली. अलीकडे मातृभाषेचा थोडा वापर चालवून घेतात, पण 'थोडा' म्हणजे किती, ते ट्रेनरवर असते. जुन्या तर्खडकरी भाषांतरावर वाढलेल्या पिढीला हा वाद चमत्कारिक वाटतो. त्यांना भाषांतराशिवाय इंग्रजी शिकता येते यावरच विश्वास नाही.

या दोन वाटांच्या मध्ये कॉल सेंटरची वाट निघाली, आणि मुंबईत खरी संख्या तिनेच पुरवली. त्यामागे मोठी कारणे दोन. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेक परत साच्यावर गेलेच नाहीत. त्यांची मुले पाचवीपासून इंग्रजी शिकलेली, मराठी शाळांतली. पहिलीपासून इंग्रजी राज्यात २००० साली आले, ते या मुलांच्या उपयोगाचे नव्हते. दुसरे कारण तारांचे. १ एप्रिल २००२ला परदेशी दूरध्वनी सेवेतली सरकारी मक्तेदारी संपली आणि अमेरिकेचा फोन मालाडमध्ये उचलणे परवडू लागले. वीस-बावीस वर्षांची, व्याकरण बरे पण तोंड न उघडणारी हजारो मुले एकदम हवी झाली. त्यांना तयार करायला 'व्हॉइस अँड अ‍ॅक्सेंट'चे ट्रेनर लागले.

हे ट्रेनर आले कुठून? बहुतेक फ्लोअरवरूनच. ज्याचा आवाज चांगला, ज्याचे कॉल तक्रारीविना जातात, त्याला उचलून काही दिवसांचे 'ट्रेन द ट्रेनर' दिले की तो शिक्षक. बी.एड. कोणी विचारले नाही. पगार मात्र शाळेतल्या शिक्षणसेवकाला स्वप्नात दिसणार नाही असा. कामाचा मुख्य शब्द 'एमटीआय', मातृभाषेचा उच्चारांवरचा प्रभाव. तो काढायचा असे, डाग काढावा तसा. मराठी मुलांचा हमखास डाग 'व्ही' आणि 'डब्ल्यू'चा. लिहिताना आपण 'व्ह' आणि 'व' वेगळे करतो, बोलताना 'व्ह'मध्ये नको तो हकार घालतो. तोंडासमोर हात धरून हवा लागते का ते बघायचा व्यायाम त्या काळातल्या किती तरी जणांना आठवत असेल.

त्या खोल्यांवर नंतर भरपूर टीका झाली. नावे बदलायला लावली, बोली पुसली, रात्रीचा दिवस केला. टीका रास्त आहे. पण मुंबईत मोठ्यांना इंग्रजी शिकवणे हा पगारी, पूर्णवेळ धंदा याच खोल्यांनी केला, हेही लिहून ठेवायला हवे. आवाजाचे काम पुढे मोठ्या प्रमाणात फिलिपिन्सकडे सरकले तेव्हा हे ट्रेनर बाहेर पडले आणि ठाणे, कल्याण, वसईला क्लास काढून बसले. त्यांतले काही कागद हवा म्हणून सेल्टाकडे वळले. तिथे त्यांची पहिली ठेच शब्दाचीच. त्यांच्या जुन्या जगात 'टीटीटी' म्हणजे 'ट्रेन द ट्रेनर', तर इथे 'टीटीटी' म्हणजे शिक्षक स्वतः बडबडत राहतो तो वेळ, जो कमी करायचा असतो.

कागदाचे मोल मात्र दोन्हीकडे अर्धेच राहिले. सेल्टाची फी लाखाच्या पुढे, आणि आखाती देशांत किंवा व्हिएतनाममध्ये त्यावर नोकरी मिळू शकते. मुंबईतल्या अनुदानित शाळेत तो बी.एड.च्या जागी चालत नाही. उलट बी.एड. घेऊन परदेशी भाषाशाळेत गेले तर विचारतात, मोठ्यांच्या वर्गाचे निरीक्षित तास किती? तिथे आणखी एक प्रश्न येतो, तो कागदावर नसतो : तुम्ही 'नेटिव्ह', म्हणजे जन्मापासून इंग्रजी बोलणारे, आहात का? पाच वर्षे शिकवलेली परळची शिक्षिका आणि महिनाभरापूर्वी कोर्स केलेला लीड्सचा मुलगा यांच्यात निवड कशी व्हायची, हे त्या बाजारात वावरलेल्यांना सांगायला नको.

२०२० साली टाळेबंदीत सेल्टा पूर्णपणे ऑनलाइन करायची मुभा मिळाली आणि ती राहिली. त्याआधी सरावासाठी माणसे जमवायला 'मोफत इंग्रजी वर्ग' अशा चिठ्ठ्या वाटाव्या लागत. कोणी सोसायटीचा वॉचमन, कोणी ब्यूटी पार्लरमधली मुलगी, कोणी निवृत्त कारकून येई. आता अंधेरीत बसलेल्या प्रशिक्षणार्थीच्या पडद्यावर ब्राझील, तुर्कस्तान आणि युक्रेनचे चेहरे असू शकतात. त्या वर्गात 'राहायचो' लिहून काही उपयोग नाही.