भजन थांबतं तेव्हा

आषाढात बेळगावजवळच्या खानापूर भागात पाऊस कसा कोसळतो ते इकडच्यांना सांगायला नको. अशाच एका एकादशीच्या रात्री जांबोटीकडच्या एका गावात विठ्ठलाच्या देवळात बसलो होतो. वर पत्रा, आत पंधरा-वीस टाळकरी. अभंग संथ लयीत सुरू झाला, मृदंग चढत गेला आणि शेवटच्या गजराला टाळ कुठला नि माणूस कुठला कळेना झालं. मग तिहाई पडली, म्हणजे तोच बोल तीनदा वाजला, आणि सगळं एकदम थांबलं. तासभर कुणाच्या कानावर न आलेला पत्र्यावरचा पाऊस आता ऐकू यायला लागला. शेजारचे वीणेकरी आजोबा भिंतीला पाठ टेकवत म्हणाले, "आता कसं हलकं वाटालंय बघ."

भजन रंगात आलं होतं तेव्हा नाही, थांबल्यावर. हा 'आता' माझ्या डोक्यात राहिला.

इटलीतल्या पाविया विद्यापीठातले डॉक्टर लुचियानो बर्नार्डी यांच्या गटाने नेमकं हेच मोजलं होतं. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात 24 माणसं होती, त्यातली निम्मी संगीत शिकलेली. त्यांना निवांत झोपवून सहा तऱ्हेचं संगीत ऐकवलं. त्यात पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत होतं, रॅप होतं, टेक्नो होतं आणि सतारीवरचा एक संथ रागही होता. लय जितकी जलद, तितके श्वास, नाडी आणि रक्तदाब वर चढले. गाणं आवडीचं आहे की नाही, याने फारसा फरक पडला नाही. पण खरी गंमत पुढे आहे. मध्येच दोन मिनिटं काहीच न वाजवता ठेवली होती. त्या दोन मिनिटांत नाडी आणि रक्तदाब इतके उतरले की प्रयोगाच्या सुरुवातीला, संगीत सुरू होण्याआधी, जेवढे होते त्याच्याही खाली गेले. संगीत आपलं लक्ष धरून ठेवतं आणि सोडतं, त्या सोडण्यात शरीर सैल पडतं, असा त्यांचा अंदाज. नुसतं गप्प बसून ही विश्रांती मिळत नाही, आधी काहीतरी वाजावं लागतं.

ऐकणाऱ्याचं असं, तर गाणाऱ्याचं आणखी वेगळं. अभंगाचं एक चरण एका दमात म्हणायचं तर श्वास झटकन घ्यावा लागतो आणि सावकाश सोडावा लागतो. श्वास सोडताना मेंदूतून छातीत उतरणारी व्हेगस नस हृदयाचा लगाम थोडा खेचते, ठोके मंदावतात. बोटं मनगटावर ठेवून लांब उच्छ्वास टाकून पाहा, बऱ्याच जणांना हे बोटांखालीच कळतं. याच बर्नार्डींनी 2001 मध्ये 23 निरोगी माणसांकडून लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हुम्' हा बौद्ध मंत्र म्हणवून घेतला होता. दोन्हींत श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास येऊन ठेपली. आपला नेहमीचा वेग याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त असतो. धर्म वेगळा, भाषा वेगळी, फुप्फुसांचा हिशेब मात्र एकच. आमच्याकडे एका गल्लीत हरिपाठ आणि दुसऱ्या गल्लीतल्या कोकणी ख्रिस्ती घरात तेर्स, म्हणजे तीच जपमाळेची प्रार्थना, चाललेला असतो, त्यांना हे ऐकून नवल वाटायचं कारण नाही.

श्वासाचा विषय निघाला की बेळगावच्या माणसाला कुमार गंधर्व आठवणारच. जन्म इथलाच, सुळेभावीचा, 1924 सालचा. क्षयाने एक फुप्फुस निकामी केलं, काही वर्षं गाणं बंद राहिलं आणि हवापालटासाठी 1948 मध्ये ते देवासला गेले. परत गायला लागले ते छोट्या छोट्या स्वरवाक्यांनी, मध्ये जागा सोडत. त्या रिकाम्या जागा मला गाण्याइतक्याच ऐकू येतात. ही माझी आवड झाली, प्रयोग नव्हे.

आनंदाचं काय? भजनात सगळ्यांना सम, म्हणजे तालाचा पहिला ठोका, कुठे येणार ते ठाऊक असतं, तरी ती आली की माना डोलतात. 2011 मध्ये कॅनडात मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी, ज्यांच्या अंगावर गाणं ऐकताना काटा येतो अशा आठ जणांच्या मेंदूचं चित्रण केलं. काटा आला त्या क्षणी डोपामिन हे रसायन मेंदूच्या एका भागात वाढलं होतं. पण त्याच्या आधी, आता येणार, आता येणार, असं वाटत असताना ते दुसऱ्याच भागात वाढलेलं होतं. म्हणजे समेची वाट पाहणं हेही सुखच.

आता व्हॉट्सअॅपवर फिरणारा तो तक्ता. रक्तदाबाला अमुक राग, साखरेला तमुक. हा तक्ता पाठवणाऱ्या काकांना दुखवायचं नाही, पण असं औषधपत्र विज्ञानाने लिहिलेलं नाही. रागांचा भावनांशी संबंध मात्र आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातल्या गटाने 2015 मध्ये 122 श्रोत्यांना 12 राग ऐकवले. कोमल रिषभ, म्हणजे उतरलेला रे, जिथे ठळक, तिथे श्रोत्यांना उदास किंवा ताणलेलं वाटलं. आणि एकच राग आलापीत शांत करणारा, तालात बांधलेली गत सुरू झाली की अंगात हुशारी आणणारा. राग तोच, लय बदलली.

भाषा कळायची गरज किती, याचं उत्तर पाळण्यात आहे. हार्वर्डच्या संशोधकांनी 144 बाळांना स्कॉटिश गेलिक, होपी अशा, त्यांच्या कानाला परक्या भाषांतली गाणी ऐकवली. त्यातल्या अंगाईगीतांना बाळांची नाडी इतर गाण्यांपेक्षा जास्त उतरली. आमच्या वाड्यातल्या अज्जी कन्नडमधून जोगुळ म्हणायच्या आणि घरोघरची मराठी पोरं त्यांच्या मांडीवर झोपायची. सीमाप्रश्न तेवढा वेळ बाहेर ओसरीवर.

राहिली मिरवणुकीतली डॉल्बी, म्हणजे ती स्पीकरांची भिंत. तिला नावं ठेवणं सोपं आहे, पण विसर्जनाच्या रात्री तिच्यासमोर पाय आपोआप का हलतात हेही बघावं. 2022 मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात एका खऱ्या मैफलीत 8 ते 37 हर्ट्झचे, कानाला जवळजवळ न कळणारे खर्जाचे आवाज मध्येमध्ये चालू-बंद केले. ते चालू असताना नाचणाऱ्यांची हालचाल सुमारे 12 टक्क्यांनी वाढली, आणि काही बदललं हे कुणाला कळलंही नाही. बरगडीत जो धक्का बसतो, तो कातडीतून आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेतून मेंदूपर्यंत पोचत असावा. पोरं प्यायल्यामुळेच नाचतात असं नाही.

हिशेब चुकतो तो आवाजाच्या पातळीवर. 85 डेसिबल आवाजात आठ तास राहता येतं, असा कामगारांसाठीचा एक मान्य निकष आहे. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होत जातो, 100 डेसिबलला 15 मिनिटं उरतात. आपली मिरवणूक दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी चाललेली असते. प्रत्येक कानात आवाज टिपणाऱ्या साधारण 15 हजार केसपेशी असतात, गेलेली पेशी पुन्हा उगवत नाही.

बेळगावच्या कपिलेश्वर तलावावर शेवटचा गणपती गेला आणि स्पीकरांच्या भिंती बंद झाल्या की तिथेही शांतता होते. पण त्या वेळी कानात बारीक चीं वाजत असतं. घरी येऊन उशीवर डोकं टेकलं तरी वाजतं. देवळातल्या त्या रात्री पाऊस ऐकू आला होता. इथे बाहेर पाऊस लागला तरी आधी ती चीं ऐकू येते.