शाळेचं ग्रंथालय फोनवर कसं आलं

शाळेच्या ग्रंथालयात क्यूआर कोड, व्हॉट्सअ‍ॅप गट आणि ई-पुस्तकं आता सवयीची झाली आहेत. ती इतक्या सहज का रुळली हे समजून घ्यायचं, तर संगणकाच्याही आधी कपाटाच्या कुलपाकडे बघावं लागतं.

१९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७मध्ये खडू-फळा मोहीम सुरू झाली आणि प्राथमिक शाळांना इतर साहित्याबरोबर पुस्तकंही मिळाली. पण ती जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या यादीत, चढली. पुस्तक फाटलं किंवा हरवलं तर जबाबदारी गुरुजींची. बदली झाली की एकेक प्रत मोजून पदभार द्यायचा. साहजिकच पुष्कळ ठिकाणी पुस्तकं पेटीतच राहिली, बाहेर निघाली ती तपासणीच्या दिवशी. याचा दोष शिक्षकांच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. पुस्तकाला खुर्ची-टेबलाच्या पंगतीला बसवलं ते व्यवस्थेनेच.

खरं तर वेगळी वाट कधीच पडली होती. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१०मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून घेतलं आणि पुढे संस्थानात ग्रंथांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१मध्ये मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांतलं पहिलंच सूत्र सांगतं, की ग्रंथ वापरासाठी असतात. शाळांपर्यंत हा विचार पोचायला फार उशीर झाला. शिक्षण हक्क कायद्याने २००९मध्ये प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकं असलेलं ग्रंथालय बंधनकारक केलं. ग्रंथपाल मात्र सगळीकडे आला नाही. मोठ्या माध्यमिक शाळेत पूर्णवेळ, लहान शाळेत अर्धवेळ, आणि जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत वर्गशिक्षकच सगळं बघणार. त्यामुळे नवी साधनं ग्रंथालयातल्या संगणकावर येण्याआधी बाईंच्या आणि गुरुजींच्या फोनवर आली.

मराठीपुरती आणखी एक अडचण होती, ती अक्षरांची. प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची सांकेतिक लिपी वेगळी, त्यामुळे एका यंत्रावर टाइप केलेलं शीर्षक दुसऱ्यावर खुणांचा गोंधळ होऊन उमटायचं. अशा यादीत पुस्तक शोधणार कसं? सगळ्या यंत्रांवर अक्षरांसाठी एकच संकेत ठरवणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे, पण तिचा खरा फायदा स्मार्टफोनवर मराठी कळफलक आल्यावरच घरोघरी पोचला.

मग मजकूरही मिळू लागला. बालभारतीने १९७१पासून चालवलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत खुले झाले. बंगळूरच्या प्रथम बुक्स या बालपुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेने २०१५मध्ये स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं मोफत संकेतस्थळ सुरू केलं. तिथल्या मराठी गोष्टी उतरवून घ्यायला, छापायला, अगदी आपल्या बोलीत आणायलाही परवानगी आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली आणि पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही ते छापून येऊ लागले. २०२०चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला.

त्याच वर्षी मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या मालिकेतून रोजचा अभ्यास पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येऊ लागला, आणि कित्येक शिक्षकांनी त्याच गटावर स्वतःच्या आवाजात गोष्टी पाठवल्या. ज्या घरात एकच फोन आणि तोही वडिलांबरोबर कामावर, तिथली मुलं यात मागे पडली, हे विसरता येणार नाही.

शाळा उघडल्या तरी गट राहिले. माझ्या मते समाजमाध्यमाचा ग्रंथालयासाठी सर्वांत चांगला उपयोग इथेच दिसतो. बाई शनिवारी सतरंजीवर नवी पुस्तकं मांडून फोटो काढतात आणि गटावर विचारतात, ‘सोमवारी कुणाला कोणतं हवं?’ रात्रीपर्यंत आयांच्या फोनवरून पोरांचे आवाज येतात: ‘बाई, मला वाघाचं ठेवा!’ पडद्यावरचं पुस्तक फाटत नाही, हरवत नाही, म्हणून ते निर्धास्त देता येतं. पण कागदाचं पुस्तक असं मागून नेलं जातं, तेव्हा कपाट आपोआप उघडं राहतं.

नवा प्रश्न उभा राहिला आहे तो मुलांच्या माहितीचा. मुलीने केलेल्या पुस्तक-परिचयाचा व्हिडिओ शाळेच्या यूट्यूब वाहिनीवर चढतो, त्यात तिचं नाव, चेहरा, इयत्ता, गाव सगळं असतं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. पालकसभेतल्या तोंडी होकारावर हे भागायचं नाही. सोप्या मराठीतला एक पानी संमतीपत्राचा नमुना शिक्षण विभागानेच प्रत्येक शाळेला द्यायला हवा.