तापित तंबाखू उपकरणे : कांडीनुसार जुळवून घेणारी रचना

तंबाखू न पेटवता विजेच्या उष्णतेने तापवून तिचा निकोटीनयुक्त वाफारा ओढू देणारी, बॅटरीवर चालणारी हातातली उपकरणे. ओढताना सिगारेटचा निखारा सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत जातो. ही उपकरणे त्यांत घातलेली तंबाखूची कांडी साधारण २४० ते ३५० अंशांदरम्यान तापवतात. भारतात त्यांच्यावर बंदी आहे. तरीही पेटंट तपासणी, विषविज्ञान आणि सीमाशुल्क या कामांत त्यांची रचना कळणे गरजेचे ठरते.

एकाच उपकरणात वेगवेगळ्या सिगारेटी चालाव्यात, ही मागणी ऐकायला साधी वाटते. अडचण कांडीच्या जाडीपासूनच सुरू होते. नेहमीची सिगारेट सुमारे ८ मिलिमीटर व्यासाची, सडपातळ प्रकारची साडेपाचच्या आसपास, तर तापवण्यासाठी बनवलेल्या अनेक कांड्या ७ मिलिमीटरच्या जवळपास असतात. तापक नळी कांडीला बाहेरून वेढत असेल, तर मधे राहिलेली हवेची फट उष्णता अडवते, कारण हवा मंद वाहक आहे. कडेची तंबाखू करपते आणि गाभा कोमट राहतो. उपाय म्हणून स्प्रिंगचे आतल्या बाजूला दाबणारे पंजे, बदलता येणारी अस्तर-नळी किंवा कांडीच्या पोटात शिरणारे पाते वापरतात. पात्याला बाहेरच्या व्यासाची फारशी फिकीर नसते. मात्र ते ठिसूळ असते आणि त्यावर राळ साचते.

खरी गुंतागुंत आतल्या मालाची आहे. साध्या सिगारेटमध्ये चिरलेले पान असते आणि त्यात वजनाच्या सुमारे १२ टक्के ओल. तापवायच्या कांडीत तंबाखूचा भुगा लगद्यासारखा करून पुन्हा पातळ पत्रा बनवलेला असतो व त्यात ग्लिसरीन भरपूर मिसळलेले असते; दिसणारा पांढरा वाफारा मुख्यतः त्याचाच. निकोटीन २४७ अंशांना उकळते, ग्लिसरीन २९० ला, आणि वनस्पतीतील सेल्युलोज ३०० च्या पुढे झपाट्याने विघटित होऊ लागते. म्हणजे कामाचा पट्टा अरुंद आहे. ग्लिसरीनच्या कांडीला मानवणारे तापमान साध्या सिगारेटला दिले, तर पहिल्या झुरक्यांत चटका देणारी पाण्याची वाफ येते आणि पुढे कोरडे पान काळे पडते. फॉर्माल्डिहाइड व अॅक्रोलिन यांसारखी तिखट, विषारी संयुगे तापमानाबरोबर वाढतात. त्यात साध्या सिगारेटचा फिल्टर तापकाच्या जवळ राहावा अशा बेताने बनवलेलाच नसतो.

म्हणून जुळवून घेणाऱ्या उपकरणाला आत काय घातले आहे हे आधी ओळखावे लागते. कागदावरची खूण प्रकाश-संवेदकाने वाचणे, कांडीमुळे बदललेली विद्युत धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मोजणे, कांडीत धातूची पट्टी असल्यास तापकातल्या तारेच्या वेटोळ्याला मिळणारा तिचा प्रतिसाद तपासणे, असे मार्ग आहेत. ओळख पटली की नियंत्रक त्या प्रकारासाठी ठरलेला तापक्रम निवडतो : किती वेळात तापवायचे, कुठे थांबायचे, शेवटच्या झुरक्यांसाठी किती अंश वाढवायचे. झुरका ओढला की तापक क्षणभर थंडावतो. त्या घसरणीवरून ओढ किती जोरकस आहे हेही कळते.

बाजार मात्र उलट दिशेने गेला. आर. जे. रेनॉल्ड्स आणि फिलिप मॉरिस या सिगारेट कंपन्यांची सुरुवातीची उत्पादने, म्हणजे पहिलीची १९८८ ची ‘प्रीमियर’ आणि दुसरीची १९९८ ची ‘अॅकॉर्ड’, टिकली नाहीत. २०१४ मध्ये नागोया व मिलान येथे आलेल्या फिलिप मॉरिसच्याच ‘आयकॉस’ने पाते आणि खास कांडी अशी जोडी रुजवली. २०२१ च्या ‘इल्युमा’ या त्याच्या पुढच्या आवृत्तीत पाते गेले, धातूची पट्टी कांडीतच आली आणि ती बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राने तापू लागली. जुन्या कांड्या नव्यात चालत नाहीत, नव्या जुन्यात घालायच्या नाहीत. यामागे ग्राहक बांधून ठेवण्याचा व्यापारी हिशेब उघड आहे. पण आरोग्याच्या बाजूने पाहता एक गोष्ट मान्य करावीच लागते : उत्सर्जनाची कोणतीही मोजणी विशिष्ट उपकरण आणि विशिष्ट कांडी या जोडीचीच असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०२० मध्ये ‘कमी संपर्का’चा, म्हणजे घातक रसायनांशी कमी संबंध येतो असा, दावा करण्यास दिलेली परवानगी अशाच नेमक्या जोडीपुरती होती. काहीही घाला, चालते, असे सांगणाऱ्या उपकरणाबाबत कोणताही दावा तपासताच येत नाही. सर्वग्राही रचनेचा हाच सर्वांत गंभीर दोष आहे.

नागपूरचा या विषयाशी संबंध कागदपत्रांतून येतो. देशाची पेटंट माहिती प्रणाली १९८० मध्ये याच शहरात सुरू झाली आणि सिव्हिल लाइन्समधील राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्थेत पेटंट परीक्षकांचे प्रशिक्षण होते. तापकांविषयीचे अर्ज तपासताना पेटंट कायद्याचे कलम ३(ब) आड येऊ शकते. मानवी आरोग्याला गंभीर हानी पोहोचवणारा शोध त्यानुसार पेटंटयोग्य नसतो. इलेक्ट्रॉनिक सिगारेट प्रतिबंध कायदा, २०१९ च्या व्याख्येत तापित तंबाखू उत्पादने स्पष्टपणे येतात. उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री वा जाहिरात केल्यास पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. साठवणुकीला सहा महिने किंवा पन्नास हजार किंवा दोन्ही.

विदर्भातला धूर बराचसा बिडीचा. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीच्या जंगलांतून येणाऱ्या तेंदूपानात हाताने वळलेली बिडी एका टोकाला निमुळती असते, तिला फिल्टर नसतो आणि एकाच कट्ट्यातल्या दोन बिड्या जाडीला सारख्या नसतात. ठरावीक नळी, ठरावीक तापक्रम हे गणित तिच्यापुढे कोलमडते. शिवाय पानठेल्यावर सुपारी, तंबाखू व चुना घोटून मिळणाऱ्या खर्ऱ्याला उष्णतेची गरजच नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेणारे आढळले, तर धूम्रपान करणारे ३.८ टक्के.