बार्शीला बत्तीस रुपये, येडशीला फर्मान

बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी 1911 पर्यंत लातूरला जाऊन पोचली होती. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे मुंबई इलाख्यात. पुढचे येडशी धाराशिवकडचे, म्हणजे निजामाच्या मुलखात. मधले अंतर तीसेक किलोमीटरही नाही. तरी या प्रवासात रुपया बदलायचा. अलीकडे इंग्रजांचा कलदार, पलीकडे निजामाचा हाली, आणि शंभर कलदारांना एकशे सोळा-सतरा हाली मोजावे लागत. मालावर करोडगिरी, म्हणजे निजामाची जकात भरावी लागे. तिसरा बदल मात्र प्रवाशाला दिसत नसे. मॉर्ले-मिंटो, माँटेग्यू-चेम्सफर्ड, 1935 चा कायदा अशी जी प्रकरणे आपण शाळेत पाठ केली, ती सगळी बार्शीकडच्या बाजूलाच थांबत.

का थांबत, याचे उत्तर एका व्याख्येत आहे. 1897 च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्ये ‘ब्रिटिश इंडिया’ आणि ‘इंडिया’ हे दोन शब्द वेगवेगळे सांगितले आहेत. राणीच्या मालकीचा आणि गव्हर्नर जनरलमार्फत चालणारा प्रदेश तो ब्रिटिश इंडिया. त्यात संस्थानिकांचा मुलूख मिळवला की झाली इंडिया. सुधारणांचे कायदे मुख्यतः पहिल्या शब्दासाठी होते. निजाम हा तहाने बांधलेला मांडलिक, त्यामुळे त्याच्या रयतेसाठी लंडनची पार्लमेंट कायदेमंडळ उभारणार नव्हती. मराठवाड्याच्या पाचही जिल्ह्यांना हे लागू होते.

बार्शीच्या शेतकऱ्याला 1919 च्या, म्हणजे माँटेग्यू-चेम्सफर्ड कायद्याने काय मिळाले ते जवळून पाहू. मुंबई इलाख्यात बहुतेक जिल्ह्यांत ज्याच्या जमिनीचा आकार, म्हणजे सरकारी सारा, वर्षाला 32 रुपये किंवा जास्त, त्याला प्रांतिक कौन्सिलचे मत. रत्नागिरीसारख्या गरीब जिल्ह्यात ही अट 16 रुपयांवर आणली होती. मराठा आणि तत्सम जातींसाठी 7 जागा राखीव होत्या. कारभाराचे दोन भाग केले होते. शिक्षण, आरोग्य, शेती, स्थानिक स्वराज्य ही खाती ‘सोपीव’, म्हणजे निवडून आलेल्या मंत्र्याकडे. पोलीस, जमीन महसूल, न्याय आणि अर्थ ही ‘राखीव’, म्हणजे गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे. हीच ती द्विदल राज्यपद्धती.

ती का फसली हे समजायला फार अभ्यास लागत नाही. शाळा मंत्र्याची आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. मंत्र्याने शाळांची योजना मांडायची आणि पैशासाठी राखीव बाजूकडे हात पसरायचे. लोकांच्या शिव्या मात्र मंत्र्यालाच. तरी ही कौन्सिले अगदीच पोकळ नव्हती. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात हा सी. के. बोले यांचा ठराव 1923 मध्ये मुंबई कौन्सिलातच मंजूर झाला, आणि महाडच्या सत्याग्रहाला त्याचा आधार मिळाला. असा ठराव मांडायला येडशीकराकडे सभागृहच नव्हते.

हैदराबादेतही 1919 सालीच सुधारणा झाली, फक्त दुसऱ्या जातीची. निजाम मीर उस्मान अली खान यांनी फर्मान काढून ‘बाब-ए-हुकूमत’ हे कार्यकारी मंडळ नेमले आणि सर अली इमाम त्याचे सदर-ए-आझम, म्हणजे अध्यक्ष झाले. मंडळ नेमणारे निजाम, बरखास्त करणारेही निजाम. कायदेमंडळ नावाला 1893 पासून होते, पण त्यात सरकारी माणसांचा भरणा. जिल्ह्यात अव्वल तालुकदार म्हणजे कलेक्टर, त्याच्या वर सुभेदार, आणि सभा घ्यायची तर आधी परवानगी काढा, असे सांगणारी ती कुप्रसिद्ध 53 क्रमांकाची गश्ती, म्हणजे परिपत्रक.

या दोन टोकांच्या मध्ये वऱ्हाड. जालन्याहून जवळ असलेले देऊळगाव राजा वऱ्हाडात येते. 1853 च्या तहाने निजामाने हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनीकडे लावून दिले आणि 1902 मध्ये त्याचा कायमचा पट्टा झाला. मालकी निजामाची, वहिवाट इंग्रजांची. मग वऱ्हाड हे ब्रिटिश इंडिया की नाही? कायद्याने नाही. त्यामुळे 1919 च्या कायद्याखाली मध्य प्रांताच्या कौन्सिलसाठी वऱ्हाडात रीतसर मतदान होई आणि निवडून आलेल्यांना गव्हर्नर पुन्हा ‘नेमत’ असे. कायद्याची अडचण कागदावरच मिटवण्याची ही इंग्रजी हातोटी.

इथे एक आडवळण घेण्यासारखे आहे. 1853 च्या त्याच तहात धाराशिव-नळदुर्गचा भागही कंपनीकडे गेला होता आणि मेडोज टेलर तिथे कारभार पाहत होते. 1857 मध्ये निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिले, त्याची परतफेड म्हणून 1860 मध्ये हा भाग परत मिळाला. तो परत दिला नसता तर येडशीही वऱ्हाडाच्या वाटेने गेली असती. वऱ्हाड मात्र परत मिळाले नाही. निजामाने मागणी लावून धरली तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी 27 मार्च 1926 च्या पत्रात स्पष्ट सांगितले की हिंदुस्थानात ब्रिटिश राजसत्ता सर्वोच्च आहे आणि कोणत्याही संस्थानिकाने बरोबरीच्या नात्याने बोलणी करण्याचा दावा करू नये. संस्थानिकांच्या तहांना किती किंमत आहे, हे त्या पत्राने उघड केले.

1935 चा कायदा हा या सगळ्यातला सर्वांत मोठा आणि सर्वांत गुंतागुंतीचा: 321 कलमे आणि 10 परिशिष्टे. त्याचा प्रांतिक भाग 1 एप्रिल 1937 पासून चालू झाला. मुंबईत मताची अट 32 रुपयांवरून 8 रुपये आकारावर आली आणि बार्शीच्या बाजूला मतदारयादी एकदम फुगली. दुसरा भाग संघराज्याचा. मराठवाड्याचा संबंध यायचा तो इथेच, आणि हाच भाग कधी चालू झाला नाही.

त्याला दोन कुलुपे होती. वरच्या सभागृहात संस्थानांना 104 जागा, त्यांपैकी निदान 52 जागांची संस्थाने सामील व्हायला हवीत. शिवाय सामील संस्थानांची लोकसंख्या सर्व संस्थानांच्या लोकसंख्येच्या निम्मी तरी हवी. परिशिष्टाच्या हिशेबाने ती एकूण सुमारे 7.9 कोटी, म्हणजे गरज 3.95 कोटींची. त्यात एकट्या हैदराबादची लोकसंख्या 1.44 कोटी, म्हणजे गरजेच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त. हैदराबादशिवाय कुलूप उघडणे अशक्य नव्हते, पण मग बाकीच्या बहुतेक मोठ्या संस्थानांना एकत्र आणावे लागले असते. हैदराबादचे प्रतिनिधी सर अकबर हैदरी यांनी गोलमेज परिषदेत संघराज्याला अनुकूलता दाखवली होती, पण सामीलनाम्याच्या अटींवर घासाघीस सुरू झाली आणि ती संपेचना. हैदराबादचे नाणे, टपाल, जकात आणि रेल्वे सगळेच स्वतःचे, त्यामुळे सोडण्यासारखे पुष्कळ होते. 11 सप्टेंबर 1939 ला महायुद्धाचे कारण देऊन व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी संघराज्याची तयारी थांबवली.

आणि समजा ते झाले असते, तर? हैदराबादच्या वाट्याला वरच्या सभागृहात 5 आणि खालच्या सभागृहात 16 जागा होत्या. या 21 माणसांना कोण पाठवणार? कायद्यात लिहिले होते की संस्थानचा अधिपती. येडशीच्या शेतकऱ्याच्या हाती तेव्हाही मतपत्रिका आलीच नसती. संघराज्य न होण्याची हळहळ करणाऱ्यांच्या नजरेतून हा तपशील नेहमी सुटतो.

परतूरला 1937 मध्ये गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली हैदराबाद संस्थानातल्या मराठी लोकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, ते जबाबदार राज्यपद्धतीच्या मागणीसाठी. त्याच वर्षी निजामाने अरवमुदू अय्यंगार समिती नेमली. 1939 मध्ये तिच्यावरून योजना जाहीर झाली: 85 सदस्यांचे सभागृह, त्यांत निवडून येणारे 42, म्हणजे निम्म्याहून कमीच. मतदारसंघ गावांचे नव्हेत तर धंद्यांचे: पट्टेदार, जहागीरदार, व्यापारी, वकील, डॉक्टर, पदवीधर असे. हिंदू आणि मुसलमान सदस्य समसमान. लोकसंख्येत हिंदू बहुसंख्य असलेल्या संस्थानात हे कोणाला पटणार होते? हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर 1938 मध्ये, ती स्थापन होण्याआधीच, बंदी आली होती.

15 ऑगस्ट 1947 ला स्वातंत्र्याच्या कायद्याच्या सातव्या कलमाने संस्थानांवरचे ब्रिटिश अधिराज्य संपले. भारताने सामीलनाम्यासाठी 1935 च्या कायद्यातलेच सहावे कलम दुरुस्त करून वापरले. विषय फक्त तीन: संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण. हैदराबादने सही न करता 29 नोव्हेंबरला वर्षभराचा जैसे थे करार केला. पुढे रझाकार, 13 ते 17 सप्टेंबर 1948 ची पोलीस कारवाई, हे मराठवाड्यात सांगावे लागत नाही. नोव्हेंबर 1949 मध्ये निजामाने जाहीर केले की भारताची राज्यघटना हैदराबादलाही लागू राहील. तेही फर्मान काढूनच.

बार्शीचा मतदार 32 रुपये, मग 8 रुपये अशा पायऱ्या चढत 1952 ला पोचला. येडशीकराला त्या पायऱ्या मिळाल्याच नाहीत. काल सभेसाठी परवानगी मागणारा माणूस एकदम प्रौढ मताधिकार घेऊन हैदराबादच्या 175 जागांच्या विधानसभेसाठी मत द्यायला उभा राहिला. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा हैदराबादचे काही कायदे सोबत आले. म्हणून कुळाचे प्रकरण आजही बार्शीत 1948 च्या मुंबई (आता महाराष्ट्र) कूळ कायद्याच्या कलम 32ग खाली निघते, देऊळगाव राजाला 1958 च्या विदर्भाच्या कायद्याखाली, आणि येडशीला 1950 च्या हैदराबाद कूळवहिवाट कायद्याच्या 38ई खाली. बार्शीचा नमुना पाहून येडशीच्या जमिनीसाठी अर्ज लिहिला, तर कलमच चुकलेले असते.