दोघे एकदम बोलले तर?

आगीच्या बातम्यांत जवानाच्या छातीवरचा जाडजूड वॉकीटॉकी दिसला की हमखास कुणीतरी विचारतं, "आजच्या काळात यांना मोबाइल का देत नाहीत?" शेजारी उभ्या असलेल्या दोघांनी एकमेकांना फोन लावला, तरी त्यांचं बोलणं टॉवरमार्गेच जातं, हे आपण विसरतो. तळघरात टॉवरची लहर पोचली नाही की दोघांचाही संपर्क तुटला. वॉकीटॉकी दुसऱ्या वॉकीटॉकीशी थेट बोलू शकतो आणि एक बटण दाबलं की चॅनेलवरच्या सगळ्यांना एकदम ऐकू जातं.

चॅनेल म्हणजे ठरवून दिलेली वारंवारता. नियंत्रण कक्षाशी बोलणं बहुधा उंचावरच्या रिपीटरमधून, म्हणजे संदेश पकडून पुन्हा जोरात पाठवणाऱ्या यंत्रातून जातं. आगीच्या जागी मात्र जवान सहसा थेट चॅनेलवर येतात आणि आग मोठी असेल तर तुकड्यांना वेगवेगळी चॅनेलं वाटून दिली जातात. ही वाटणी का करावी लागते, हे समजायला हे वॉकीटॉकी सहसा ज्या एफएम पद्धतीने बोलतात, तिचा 'कॅप्चर परिणाम' पाहायला हवा. रेडिओशास्त्रातली ही माझी सर्वांत आवडती गोष्ट.

एफएममध्ये आवाज लहरीच्या आयामात, म्हणजे तिच्या उंचीत नसतो, तिच्या वारंवारतेच्या चढउतारांत असतो. म्हणून ग्राहक यंत्र आयामातले फरक सरळ छाटून टाकतं आणि लहर किती वेगाने 'फिरते' एवढंच मोजतं. आता एकाच चॅनेलवर दोन लहरी आल्या, एक जोरकस, एक क्षीण. कल्पना करा, आजोबा एका झाडाभोवती फेऱ्या मारताहेत आणि नातू त्यांचं बोट धरून त्यांच्याच भोवती धावतोय. झाडाशी उभे राहून आपण नातवाच्या झाडाभोवतीच्या फेऱ्या मोजायच्या. आजोबांचं झाडापासूनचं अंतर नातवाच्या आजोबांपासूनच्या अंतरापेक्षा जास्त असेल, तर नातू कितीही वेगाने धावो, झाडाभोवती त्याच्या फेऱ्या तेवढ्याच भरतात जेवढ्या आजोबांच्या. आजोबांचं अंतर म्हणजे जोरकस लहरीचा आयाम, नातवाचं आजोबांपासूनचं अंतर म्हणजे क्षीण लहरीचा, आणि नातवाची झाडापासूनची जागा म्हणजे दोन्हींची बेरीज. क्षीण लहरीमुळे थोडी थरथर उरते, पण ती बरीचशी गाळली जाते. दोन्ही अंतरं जवळपास सारखी असली, की नातू कधी झाडाच्या अलीकडून जातो, कधी पलीकडून, आणि फेऱ्यांचा हिशेब बिघडतो. तेव्हा नुसती खरखर ऐकू येते.

म्हणजे एफएममध्ये दोन आवाज मिसळत नाहीत, एक दुसऱ्याला पुसून टाकतो. हाच कॅप्चर परिणाम. विमानं अजूनही ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर जुनं एएम वापरतात, त्यामागे हेही एक कारण सांगितलं जातं: एएममध्ये आवाज आयामातच असतो, त्यामुळे तिथे दोघे एकदम बोलले तर आवाज मिसळतात आणि निदान कळतं तरी.

मोकळ्या जागेतसुद्धा १०० मीटरवरच्या वॉकीटॉकीची शक्ती १० मीटरवरच्यापेक्षा १०० पट कमी पोचते, मध्ये भिंती असतील तर आणखी कमी. त्यामुळे बाहेर उभ्या प्रमुखाच्या शेजारी कुणी "पाइप आला का?" एवढंच विचारलं, तरी आत अडकलेल्याची हाक पुसली जाते. बटण दाबलेलं असताना स्वतःचा ग्राहक बंद असतो, त्यामुळे आपली हाक पुसली गेली हे आतल्या जवानालाही कळत नाही.

११ सप्टेंबर २००१ला न्यूयॉर्कमध्ये हे घडलं. १९९३च्या स्फोटानंतर जागतिक व्यापार केंद्रात अग्निशमन दलासाठी रिपीटर बसवला होता. चौकशी आयोगाच्या अहवालानुसार त्या सकाळी उत्तर मनोऱ्यात त्याचं एक बटण दाबलं गेलं, पण मुख्य हँडसेटवरून बोलण्यासाठी लागणारं दुसरं बटण दाबलंच गेलं नाही. तो बंद आहे असं समजून प्रमुखांनी दुसरं चॅनेल धरलं. तिथे इतक्या तुकड्या बोलू लागल्या की संदेश एकमेकांवर आदळून कळेनासे झाले.

'सगळं डिजिटल करा, प्रश्न मिटेल' या जाहिरातीही मला पटत नाहीत. डिजिटल रेडिओतला व्होकोडर, म्हणजे बोलणं अंकांत बदलणारा भाग, मानवी आवाजाच्या घडणीवर बेतलेला असतो. शेजारी करवत चालू असली, की तो तिलाही माणसाचं बोलणं समजून घडवू पाहतो आणि शब्दांचा चोथा होतो.

म्हणून शिस्त महत्त्वाची. आधी ऐकायचं, बटण दाबून क्षणभर थांबायचं, मगच थोडक्यात बोलायचं. ऐकणाऱ्याने संदेश परत म्हणून दाखवायचा, कारण हाक पोचल्याची दुसरी खूण बोलणाऱ्याकडे नसते. आणि 'मेडे, मेडे, मेडे' ही जीव धोक्यात असल्याची हाक ऐकू आली, की बाकी सगळ्यांनी बटणावरून बोट काढायचं.